मूल सज्ञान झाले. पोटगीचे जादा गेलेले पैसे परत मिळतात का?

घरसंसार आणि कायदा



या सदराकडे पोटगीसंबंधी जी पत्रे येतात त्यांचा सूर बहुधा एकच असतो. कोर्टाचा आदेश झाला, पण पैसे हातात पडत नाहीत. या वेळी मात्र दोन पत्रे वेगळी आली. या दोन्ही घरांत पोटगी वेळेवर मिळाली आहे. इतकेच नव्हे तर ती जरुरीपेक्षा जास्त दिली गेली, असे देणाऱ्याचे म्हणणे आहे आणि भांडण त्यावरून आहे.

पहिले पत्र एका कामगार बंधूंचे आहे. ते कारखान्यात फिटर आहेत. नवरा-बायको वेगळे राहू लागल्यावर २०१२ साली कोर्टाने दरमहा ५,००० रुपयांची पोटगी ठरवली. पत्नीस २,०००, मुलास १,५०० आणि मुलीस १,५००. रक्कम पगारातून कापावी असे पत्र कोर्टाने कारखान्याला पाठवले. तेव्हापासून दरमहा कपात होते आहे, एकही महिना चुकलेला नाही. मुलगा जून २०२२ मध्ये १८ वर्षांचा झाला, मुलगी जानेवारी २०२४ मध्ये. कपात मात्र ५,००० चीच चालू राहिली. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती आईच्या आजारपणात, पतपेढीचे कर्ज काढायला पगारपत्रक हातात घेतले तेव्हा. त्यांनी हिशेब मांडून पाठवला आहे. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ असे मुलाचे ३० महिने, म्हणजे ४५,००० रुपये. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२४ असे मुलीचे ११ महिने, म्हणजे १६,५०० रुपये. एकूण ६१,५००. ते विचारतात, "हा माझ्या घामाचा पैसा आहे. तो मला परत मिळेल काय?"

दुसरे पत्र एका मुलीचे आहे. घर दुसरे आणि गावही दुसरे. पण पहिल्या पत्राला उत्तर म्हणूनच लिहिले असावे असे ते वाटते. वय १९, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई चार घरची धुणीभांडी करते. वडिलांच्या वकिलांची नोटीस आली आहे की मुलगी सज्ञान झाल्यानंतर घेतलेली ३८,००० रुपये पोटगी १५ दिवसांत परत करा, अन्यथा कायदेशीर कारवाई करू. मुलगी लिहिते, "ते पैसे आईने माझ्या फीला भरले. पावत्या आहेत. आई रात्र रात्र झोपत नाही. आपण चोरी केली का, असे मला विचारते."

दोन्ही पत्रांवर नाव-गाव छापू नये अशी विनंती आहे. ती पाळली आहे. दोघांचा प्रश्न एकच असल्यामुळे उत्तरही एकत्रच देत आहे. दोघांनीही दोन्ही बाजू वाचाव्यात.

आपल्याला लागू कोणता कायदा?

पोटगी मागण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला रस्ता फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम १२५. गावोगाव 'एकशे पंचवीसचा खटला' किंवा 'खावटीची केस' म्हणतात ती हीच. १ जुलै २०२४ पासून या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आली. तिच्यात हेच कलम आता १४४ व्या क्रमांकाला आहे. कलमाचा गाभा बदललेला नाही, आणि जुन्या कलमाखाली झालेले आदेश नवा कायदा आला म्हणून रद्द झालेले नाहीत. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना सारखेच लागू आहे.

दुसरा रस्ता हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६. येथे आपले लोक अडखळतात. "आम्ही बौद्ध आहोत, हिंदूंचा कायदा आम्हाला कशाला?" असे विचारणारी पत्रे वरचेवर येतात. त्याचे उत्तर असे. या कायद्याच्या कलम २ मध्येच तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे कुणाचा धर्म बदलत नाही, फक्त हक्क मिळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलासाठी किती झीज सोसली, आणि ते रखडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण जाणतोच. त्याच बिलाचे तुकडे करून पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये चार कायदे झाले. त्यांतला हा पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी मंजूर झाला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १५ दिवसांनी. तेव्हा आपल्या मुलींनी या कायद्याकडे परका म्हणून पाहू नये.

हक्क कधी संपतो?

कलम १२५ (आता १४४) प्रमाणे अज्ञान मुलाला पोटगी मिळते. मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षे पूर्ण झाली की या कलमाखालचा हक्क संपतो. अपवाद एक आहे. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा इजेमुळे जे मूल स्वतःचे पोट भरू शकत नाही, त्याचा हक्क १८ नंतरही चालू राहतो. मात्र विवाहित मुलीला हा अपवाद लागू नाही. तेव्हा अपंग लेकराच्या बापाने वाढदिवस मोजत बसू नये.

१९५६ च्या कायद्यात मुलाचा हक्क १८ वर्षांपर्यंतच आहे. मुलीचे मात्र तसे नाही. कलम २०(३) प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तर तिला पोसण्याचे बंधन आई-वडिलांवर राहते. तेथे १८ ची रेघ नाही.

या दोन कायद्यांचा मेळ कसा घालायचा हे सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. निरोगी, सज्ञान, अविवाहित मुलीला कलम १२५ खाली मॅजिस्ट्रेटकडून पोटगी मिळणार नाही. परंतु १९५६ च्या कायद्याच्या कलम २०(३) खाली ती स्वतंत्रपणे मागू शकते. म्हणजे हक्क आहे, पण त्याचे दार वेगळे आहे. ज्या शहरात कौटुंबिक न्यायालय आहे तेथे दोन्ही कायद्यांचे अधिकार एकाच न्यायालयाला असतात, त्यामुळे मुलीची पायपीट कमी होते.

आता पहिल्या पत्रातील हिशेबाकडे पाहा. भाऊ, तुम्ही मुलाचे ४५,००० आणि मुलीचे १६,५०० एका ओळीत मांडले आहेत. पण या दोन रकमा सारख्या नाहीत. मुलाच्या बाबतीत हक्क १८ ला संपला, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. मुलगी मात्र अविवाहित आहे आणि शिकते आहे असे तुम्हीच लिहिता. तिने अर्ज केला असता तर तुमच्याकडून पोटगी मागण्याचा तिला हक्कच होता. तेव्हा तिचे १६,५०० 'जादा गेले' असे म्हणणे कोर्टात टिकणे कठीण आहे. तुमचा वाद खरा आहे तो ४५,००० चा.

कपात आपोआप का थांबली नाही?

यात कारखान्याच्या कारकुनाचा दोष नाही, आणि पत्नीने लबाडी केली असेही दिसत नाही. आस्थापना विभागाकडे कोर्टाचे पत्र आहे : 'दरमहा ५,००० कापावेत'. दुसरे पत्र येईपर्यंत ते कापणारच. मुलाचा वाढदिवस कधी, हे पाहणे त्यांचे काम नाही.

म्हणून सर्वांनी प्रथम आपला आदेश काढून नीट वाचावा. आदेश साधारण तीन तऱ्हांचे असतात.

पहिली तऱ्हा : 'मुलास सज्ञान होईपर्यंत दरमहा इतके' असे लिहिलेले असते. येथे मुदत आदेशातच आहे.

दुसरी तऱ्हा : प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहिलेली असते, पण मुदत लिहिलेली नसते. पहिल्या पत्रातला आदेश असाच आहे. हक्क १८ ला संपला तरी कागद बोलत राहतो. तो थांबवायला अर्ज करावा लागतो.

तिसरी तऱ्हा : 'अर्जदार व दोन मुले यांस मिळून दरमहा ५,०००' अशी एकत्रित रक्कम असते. येथे कुणाचा वाटा किती हे ठरलेलेच नाही. मूल मोठे झाले म्हणून बापाने मनाने तिसरा हिस्सा कापून पाठवला तर तो थकबाकीदार ठरू शकतो.

याशिवाय परस्पर संमतीने घटस्फोट झाला असेल तर तडजोडीच्या अटी पाहाव्या लागतात. 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत खर्च देईन' असे बापाने लिहून दिले असेल, तर १८ वर्षांची सबब चालणार नाही. आपणच लिहून दिलेला शब्द आपल्यावर बंधनकारक असतो.

आदेशात बदल करून घेण्याची सोय जुन्या संहितेत कलम १२७ मध्ये होती, ती आता कलम १४६ मध्ये आहे. परिस्थिती बदलली हे दाखवले की कोर्ट रक्कम वाढवते, कमी करते किंवा रद्द करते. १९५६ च्या कायद्यात हीच सोय कलम २५ मध्ये आहे. मुलाचे सज्ञान होणे हा परिस्थितीतला बदलच होय. हा अर्ज मूल १८ वर्षांचे झाल्या महिन्यातच केला असता तर आजचा ६१,५०० चा हिशेब उभाच राहिला नसता.

गेलेले पैसे परत मिळतात का?

आता मुख्य प्रश्न. पोटगीच्या कलमात पैसे कसे वसूल करायचे ते लिहिले आहे. जास्त गेलेले परत कसे घ्यायचे याविषयी तेथे एक अक्षर नाही. याचे कारण समजून घ्यावे. पोटगी म्हणजे साठवायचा पैसा नव्हे. ती दर महिन्याच्या पिठामिठाची, भाड्याची आणि शाळेची सोय आहे. महिना संपला की ती संपते. खाल्लेली भाकरी परत मागता येत नाही, या भावनेने न्यायालये अशा मागणीकडे पाहतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. ते कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचे होते. २०१५ च्या आदेशाने पत्नीला दरमहा १२,००० रुपये ठरले होते. पुढे पतीने तो आदेश मागे घ्यावा आणि आधी दिलेले पैसेही परत मिळावेत अशी मागणी केली. न्यायालयाने सांगितले की आदेशात बदल हवा असेल तर तो आदेशानंतर बदललेल्या परिस्थितीमुळे मागावा, आणि तो बदल पुढच्या काळासाठी असेल. मागे दिलेले परत करा असे त्या अर्जात म्हणता येणार नाही. हा निकाल पत्नीच्या पोटगीचा होता आणि कायदा वेगळा होता, हे खरे. पण न्यायालयांचा कल कोणीकडे आहे ते त्यातून दिसते.

मग सर्वच दारे बंद आहेत काय? तसेही नाही. तीन वाटा उरतात.

एक, पैसे अजून कोर्टातच पडून असतील तर. पुष्कळ ठिकाणी कपातीची रक्कम कोर्टात नाझरकडे जमा होते आणि अर्जदार ती अर्ज करून उचलते. मूल सज्ञान झाल्यानंतरच्या काळाची रक्कम उचललेली नसेल, तर ती देऊ नये व मला परत मिळावी असा अर्ज ताबडतोब करावा. ही वाट सर्वांत सोपी, कारण पैसा अजून कुणाच्या पोटात गेलेला नाही.

दोन, वळती करून घेणे. पत्नीची पोटगी पुढे चालू असेल किंवा बापाकडे जुनी थकबाकी असेल, तर जादा गेलेली रक्कम त्यात धरावी अशी विनंती कोर्टाला करता येते. ही वळती कोर्टाच्या हुकुमानेच करायची, आपल्या मनाने नव्हे. आणि हिशेब करताना माणुसकी ठेवावी. पहिल्या पत्रातील पत्नीला स्वतःचे २,००० मिळतात. ते पूर्ण थांबवून ४५,००० फेडायचे म्हटले तर जवळजवळ २३ महिने त्या बाईच्या हातात एक पैसा पडणार नाही. असा हुकूम कोणते कोर्ट देईल? महिना ५०० रुपयांनी वळती मागितली तर ९० महिने, म्हणजे साडेसात वर्षे लागतील. यावरूनच ध्यानात यावे की कागदावरचा ४५,००० चा आकडा आणि हातात येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन, दिवाणी दावा. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७२ म्हणते की चुकीने दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. या आधारे दावा लावता येतो, त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. पण या वाटेत काटे आहेत. चूक कळल्यापासून मुदत मोजावी, असे म्हणायला कायद्यात जागा आहे. मात्र ती चूक थोडी काळजी घेतली असती तर आधीच कळली असती असे दिसले, तर तेव्हापासूनच मुदत मोजली जाते. आपल्याच मुलाची जन्मतारीख आपल्याला ठाऊक नव्हती, असे कोणता बाप कोर्टात सांगणार? शिवाय समोरून असेही सांगितले जाईल की पैसे कोर्टाच्या आदेशाने मिळाले, ते मुलाच्या शिक्षणावरच खर्च झाले. कोर्ट फी, वकील, तारखा आणि प्रत्येक तारखेला बुडणारा खाडा धरला तर ४५,००० साठी हा व्याप परवडेल का, हे आधी कागद-पेन्सिल घेऊन पाहावे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. पैसे घेणाऱ्याने मुद्दाम लपवाछपवी केली असेल तर पारडे बदलते. मुलीचे लग्न झाले ते सांगितले नाही, मुलाला पक्की नोकरी लागली तरी 'काही कमावत नाही' म्हणून शपथेवर लिहून दिले, अशा गोष्टी कोर्ट हलक्या हाताने घेत नाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना आपली मिळकत व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आहे. त्यात खोटे लिहिणारा अडचणीत येतो, मग तो बाप असो की आई.

मुली, तुझ्या आईला हे वाचून दाखव

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. १५ दिवसांत पैसे दिले नाहीत म्हणून कोणी दारात येऊन भांडी उचलून नेऊ शकत नाही, आणि असे पैसे वसूल करून देणे हे पोलिसांचेही काम नाही. पण नोटीस फाडून टाकू नये व गप्पही बसू नये. मुदतीत लेखी उत्तर द्यावे. रक्कम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे मिळत होती, काही लपवले नाही, पैसे शिक्षणावर खर्च झाले, मुलगी अविवाहित असून शिकत आहे आणि कमावत नाही, एवढ्या गोष्टी त्यात याव्यात. फीच्या पावत्या, बोनाफाईड दाखला आणि पासबुकाच्या झेरॉक्स सांभाळून ठेवाव्यात.

आणि तुझ्या आईने चोरी केलेली नाही. बापाच्या पैशाने मुलीची फी भरणे ही चोरी असेल तर मग पालनपोषण कशाला म्हणायचे? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. आई-वडील वेगळे राहत होते, मुलगी परदेशात शिकत होती. बापाने शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख रुपये घ्यायला ती स्वाभिमानाने नको म्हणत होती. न्यायालयाने सांगितले की शिक्षणाचा खर्च आई-वडिलांकडून मिळणे हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे, ते पैसे ठेवण्याचा तिला अधिकार आहे. ती रक्कम लाखांची, तुझी हजारांची. पण हक्काचे स्वरूप तेच.

मात्र तुझ्याकडून एक गोष्ट राहून गेली आहे, ती आता कर. १८ नंतर तुझी पोटगी आईच्या जुन्या अर्जावर अवलंबून ठेवू नकोस. तू आता सज्ञान आहेस. कलम २०(३) खाली स्वतःच्या सहीने अर्ज कर. तो अर्ज हेच त्या नोटिशीला खरे उत्तर ठरेल.

आणि ज्यांचा मुलगा १८ चा झाला त्या आयांनीही घाबरू नये. मुलाची रक्कम थांबली तरी आईची स्वतःची पोटगी थांबत नाही. मुलगा बारावीत वा आयटीआयमध्ये असतो, त्याची फी, बसपास, वह्या सगळे आईवर येते. १८ व्या वाढदिवसाला कायदा हात काढून घेतो, पण त्या दिवशी कुणाचे पोरगे लगेच कमावते होत नाही. हा वाढलेला भार दाखवून आईने स्वतःच्या रकमेत वाढ मागावी. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान मुलाच्या शिक्षणाचा भार उचलणाऱ्या आईच्या बाजूने असा विचार केलेला आहे.

बापाने काय करावे, आईने काय करावे

पोटगी देणाऱ्यांसाठी :

१. आदेशाची नक्कल काढा. तीवर प्रत्येक मुलाची जन्मतारीख लिहून ठेवा. मूल १७ चे झाले की वकिलांना भेटा.

२. जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून, ज्या कोर्टाने आदेश दिला तेथेच बदलाचा अर्ज करा. कोणत्या तारखेपासून बदल हवा ते अर्जात स्पष्ट लिहा.

३. कोर्टाकडून कारखान्याच्या नावे नवे पत्र घ्या. ते आस्थापना विभागाला देऊन पोहोच घ्या, आणि पुढच्या महिन्याचे पगारपत्रक तपासा.

४. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत आपल्या मनाने रक्कम कापू नका. थकबाकी झाली तर वॉरंट निघू शकते, तुरुंगातही जावे लागते.

५. मूल सज्ञान झाले म्हणून त्याआधीची थकबाकी माफ होत नाही. ती द्यावीच लागते.

पोटगी घेणाऱ्यांसाठी :

१. मूल सज्ञान झाल्यावर कोर्टात पुरशिस देऊन तसे कळवा. लपवू नका. त्याच वेळी स्वतःच्या रकमेत वाढीचा अर्ज द्या.

२. मुलगी शिकत असेल तर तिचा स्वतंत्र अर्ज तयार ठेवा.

३. जुनी थकबाकी असेल तर उशीर करू नका. कलम १२५ (आता १४४) खाली वॉरंटाने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.

४. पैसे खर्च झाले त्याच्या पावत्या ठेवा. बाईच्या शब्दापेक्षा कोर्ट कागदावर अधिक विश्वास ठेवते, हा अनुभव आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश आहे, तेव्हा जातीचा दाखला असलेल्या बौद्ध बंधूंनाही ही सोय आहे. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. म्हणजे वरच्या दोन्ही पत्रांतील बाप आणि मुलगी दोघांनाही सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो.

आणि दोघांनाही सांगणे आहे की असा वाद लोकअदालतीत न्यावा. तेथे मिटलेल्या प्रकरणाचा निवाडा कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखाच पक्का असतो, त्यावर अपील होत नाही. पहिल्या पत्रातील बंधूंना माझा सल्ला असा. आजच बदलाचा अर्ज करा, म्हणजे पुढची गळती थांबेल. मुलीच्या १६,५०० वर पाणी सोडा. मुलाच्या ४५,००० पैकी काही रक्कम पत्नीच्या हप्त्यात थोडी थोडी वळती व्हावी एवढेच लोकअदालतीत मागा, आणि पत्नीला तेही झेपत नसेल तर हट्ट धरू नका. तुमच्या आईचा दवाखाना आणि पतपेढीचा हप्ता मोठा आहे, हे मी जाणतो. पण पुढे दरमहा वाचणारे दीड हजार हे मागच्या पैशासाठी पाच वर्षे तारखा करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

भाऊ, तुम्ही पत्राच्या शेवटी एक ओळ लिहिली आहे. मुलगा दोन वर्षांपासून बोलत नाही, रस्त्यात दिसला तर पलीकडून जातो. तुम्ही बारा वर्षे एकही महिना न चुकवता पैसे दिलेत. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत असा बाप विरळाच दिसतो. त्या मुलाला ही गोष्ट कोणी सांगितली आहे का? नसेल तर सांगा, आणि पगारपत्रके त्याच्यापुढे ठेवा. तीच पगारपत्रके घेऊन ४५,००० साठी त्याच्या आईला कोर्टात उभे केलेत, तर तो त्यांतला दुसराच अर्थ वाचेल.

पोटगीविषयी पत्र लिहिताना आदेशाची झेरॉक्स सोबत जोडावी, मूळ प्रत पाठवू नये. मुलांच्या जन्मतारखा व आदेशाचे कलम अवश्य लिहावे, म्हणजे उत्तर नेमके देता येईल.

जयभीम.